ठिणगीचा मुहूर्त

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते ती पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी. प्लगच्या टोकाशी पेट घेतलेली ज्योत सिलिंडरभर पसरायला सेकंदाचे काही हजारांश जातात आणि तेवढ्या अवधीत क्रँक बराच फिरलेला असतो. दाब सर्वांत जास्त हवा तो पिस्टनने माथा ओलांडल्यावर, क्रँक सुमारे १५ अंश पुढे गेलेला असताना. तेव्हाच तो दाब क्रँकला फिरवण्याच्या कामी येतो. त्याआधी दाब चढला तर वर येणाऱ्या पिस्टनलाच आडवा येतो, इंजिन ठोके देते आणि फार दिवस दुर्लक्ष झाल्यास पिस्टनला भोक पडते. उशिरा चढला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो. गाडी ओढत नाही आणि वाया गेलेली उष्णता सायलेन्सरची नळी तापवते. फळ ज्या क्षणी हवे त्याच्या आधी, मोजून, कर्म करावे लागते. किती आधी? जुन्या मोटारीत हे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर ठरवतो. योग्य वेळ ठरलेली असते की करणाऱ्याच्या गतीबरोबर सरकते, हा भारतीय दर्शनांनी फार पूर्वीपासून चर्चिलेला प्रश्न त्या मूठभर यंत्रात उतरलेला आहे.

रायपूरच्या सदर बाजारात हा प्रश्न दोन्ही अंगांनी समोर येतो. हा शहरातला जुना सराफा. पुष्य नक्षत्र, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया पाहून गिऱ्हाईक इथे सोन्याच्या दुकानाची पायरी चढते. ऋषभदेवांचे जैन मंदिर याच बाजारात आहे. जवळचा तात्यापारा हा मराठी घरांचा जुना मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१ पासून छत्तीसगडावर बसू लागला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही ही घरे इथेच राहिली. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे रायपुरात राहिलेले. १९२६ मध्ये त्यांचे निधनही याच शहरात झाले. मुहूर्त, काल आणि कर्म या तिन्ही विचारांचे धागे अशा रीतीने थोड्याच अंतरात एकत्र आलेले आहेत.

याच बाजाराच्या गर्दीतून एखादी प्रीमिअर पद्मिनी निघाली, असे धरले तर गणित स्पष्ट होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फिआट ११०० च्या आराखड्यावर ही गाडी तयार होत असे. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. ठिणग्यांचा क्रम १-३-४-२. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, पण हौशी माणसांच्या अंगणात या गाड्या अजून जपलेल्या आहेत. सदर बाजारात रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्यांच्या मागे ती खोळंबते तेव्हा इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असते. कोतवालीवरून बाहेर पडून जी. ई. रोडला भिलाईच्या दिशेने लागली की फेरे ३,००० वर जातात.

९०० फेऱ्यांना क्रँक एका हजारांश सेकंदात ५.४ अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांना १८ अंश. मंद गतीत मिश्रण सावकाश जळते. ठिणगीपासून सर्वोच्च दाबापर्यंत ४.६ हजारांश सेकंद लागले, तर तेवढ्यात क्रँक सुमारे २५ अंश जातो. दाब माथ्यानंतर १५ अंशांवर हवा, म्हणून ठिणगी माथ्याच्या १० अंश आधी. वेगात असताना आत शिरणारी हवा घुसळली जाते, ज्योत जलद पसरते आणि तेच काम सुमारे २.६७ हजारांश सेकंदात उरकते. पण तेवढ्यातही क्रँक ४८ अंश पुढे गेलेला असतो, म्हणून ठिणगी ३३ अंश आधी टाकावी लागते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक इंजिनाचे आपापले असतात. तत्त्व मात्र सर्वत्र सारखे. १० अंशांवर पक्की बांधलेली ठिणगी बाजारात ठीक चालेल आणि हमरस्त्यावर गाडीला मरगळ आणील. ३३ अंशांवर पक्की बांधली तर हमरस्त्यावर चालेल, पण बाजारात दाब पिस्टन माथ्यावर येण्याआधीच चढेल. हँडल मारून सुरू कराव्या लागणाऱ्या जुन्या गाड्यांत अशा उलट्या झटक्याने माणसांची मनगटे मोडत.

ज्योतीचा काळ सेकंदांत वाहतो, पिस्टनचा काळ अंशांत, आणि टायमिंग म्हणजे या दोन काळांमधला विनिमयाचा दर. वैशेषिकांनी हा भेद आपल्या परीने ओळखला होता. त्यांच्या मते काल हे द्रव्य आहे; ते एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे. क्षण, दिवस, मास हे त्याचे स्वतःचे तुकडे नव्हेत. सूर्याच्या गतीसारख्या उपाधीमुळे ते त्याच्यावर आरोपित होतात. मोजमाप गतीचे असते आणि नाव काळाचे दिले जाते. पंचांगातला मुहूर्तही असाच सूर्य-चंद्रांच्या गतीवर मोजलेला. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. ३,००० फेऱ्यांवर चाललेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका विपळात ४० ठिणग्या पडतात आणि एका मुहूर्तात २ लाख ८८ हजार. आकाशाच्या उपाधीवर मोजलेला काळ या कामाला फार जाडाभरडा पडतो. क्रँकला हवी असते ती त्याच्या स्वतःच्या फिरण्याची उपाधी.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात सेकंद आणि अंश यांमधला हा दर माणूस ठरवत असे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली एक दांडी असे. गाडी सुरू करताना ती मागे ठेवायची, वेग आला की पुढे सरकवायची. चालक कानाने ऐकून ठरवी. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बॅटरीवर चालणारी पॉइंट-कॉइलची योजना उभी केली आणि पुढे हळूहळू दांडीचे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या दोन वजनांकडे गेले. शाफ्ट फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात; दोन स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. वजने जितकी उघडतील तितकी पॉइंट उघडणारी कॅम फिरण्याच्या दिशेने पुढे सरकते, पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून क्रँकचे २३ अंश हवे असतील तर कॅम साडेअकरा अंशच सरकावी लागते.

पाचव्या शतकातल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडात, कालसमुद्देश या प्रकरणात, काळाला जगाच्या यंत्राचा सूत्रधार म्हटले आहे आणि त्याला दोन शक्ती दिल्या आहेत: प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा, म्हणजे अडवणे आणि मोकळीक देणे. काळाने अडवलेच नाही आणि मग सोडलेही नाही, तर सगळ्या अवस्था एकमेकींत मिसळून जातील आणि आधी-नंतर हा भेदच राहणार नाही, असे त्याचे म्हणणे. बी, अंकुर, झाड हा क्रम असतो कारण झाडाला अंकुराच्या वेळी अडवलेले असते. काळाविषयीच्या भारतीय उपपत्तींमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या सर्वांत जवळ जाणारी उपपत्ती हीच. वैशेषिकांचा काल सर्वांचे सामान्य निमित्त आहे, तो कोणाला थांबवत नाही. भर्तृहरीचा काल थांबवतो आणि मग सोडतो. पॉइंट बंद असतात तेव्हा कॉइलमध्ये ऊर्जा साठत असते आणि ठिणगी अडलेली असते; पॉइंट उघडताच तिला अनुज्ञा मिळते. वजनांच्या बाबतीतही तेच: वेग अनुज्ञा देतो, स्प्रिंग प्रतिबंध करते, आणि दोघांच्या ओढाताणीतून योग्य क्षण निघतो. स्प्रिंग काढून टाकली तर वजने सुस्त गतीतच पूर्ण उघडतील. तेव्हा नुसत्या अनुज्ञेचे इंजिन धड चालणार नाही.

या ओढाताणीत एक बारकावा आहे. केंद्रोत्सारी बल गतीच्या वर्गाप्रमाणे वाढते; १,००० वरून ३,००० फेऱ्यांवर जाताना ते किमान नऊपट होते. स्प्रिंगचा ताण मात्र ती जेवढी ताणली तेवढाच वाढतो. म्हणून पुष्कळ डिस्ट्रिब्युटरांत दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात. एक हलकी, ती पहिल्यापासून ओढते. दुसरी जाड, आणि तिच्या टोकाची कडी लांबट. वजने थोडी उघडेपर्यंत ती सैल असते आणि मग आपले बळ लावते. आरंभी टायमिंग झपाट्याने चढते, नंतर सावकाश, आणि शेवटी एका खाचेत खुंटी टेकली की थांबते. थांबणे गरजेचे असते, कारण फार वेगात हवेची घुसळण ज्योतीला पुरेशी घाई करत असते. मिस्त्रीने दिसायला सारखी म्हणून दुसरीच स्प्रिंग बसवली तर ही सगळी वळणरेषा बिघडते, आणि गाडी सुस्त चालीत उत्तम चालत असल्याने दोष कुठे आहे हे कित्येक महिने कळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक बहुधा हीच असावी.

काळाला ऋषभदेवांच्या परंपरेत आणखी वेगळे स्थान आहे. जैन तत्त्वज्ञानातल्या सहा द्रव्यांत काल येतो. दिगंबर परंपरा त्याला स्वतंत्र द्रव्य मानते, श्वेतांबरांत याबाबत मतभेद आहेत. काल पदार्थांना बदलायला भाग पाडत नाही, ते बदलत असताना मदत करतो. कुंभाराच्या चाकाखालचा दगड चाक फिरवत नाही, पण त्याच्याशिवाय चाक फिरत नाही, हा त्यासाठीचा जुना दृष्टांत. वस्तुतः या परंपरेची या प्रश्नाला खरी देणगी निराळीच आहे. सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्का’त काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे एकत्र मांडली आहेत. यांपैकी एकालाच एकमेव कारण मानणे हे मिथ्यात्व, पाचांना मिळून मानणे हे सम्यक्त्व.

ठिणगीच्या बाबतीत ही पाचही कारणे बोट ठेवून दाखवता येतात. स्वभाव पेट्रोलचा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याची ठोका सोसण्याची ताकद आणि जळण्याची चाल कारखान्याच्या पुस्तकातल्या पेट्रोलपेक्षा वेगळी आहे. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लावून भागत नाही ते यामुळे. नियती कॅमची: तिचे चार उंचवटे एकमेकांपासून नव्वद अंशांवर घडवलेले, १-३-४-२ हा क्रम कोणाच्या इच्छेने बदलत नाही. पूर्वकृत म्हणजे झीज. चाळीस-पन्नास वर्षांत स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात, वजनांच्या खुंट्या गंजलेल्या असतात, शाफ्टच्या बुशला खेळ आलेला असतो. बुश झिजले असले तर चारही सिलिंडरना ठिणगी वेगवेगळ्या अंशांवर पडते आणि कितीही टायमिंग लावले तरी ते हाताला लागत नाही. काल म्हणजे तो क्षण, आणि रायपूरच्या मे महिन्यातला ४५ अंशांचा पाराही. तापलेल्या हवेत ठोका लवकर सुरू होतो. पुरुषार्थ मिस्त्रीचा. पाचांपैकी एकालाच धरले की चूक होते. टायमिंग बिघडले म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवत राहणारा मिस्त्री पूर्वकृत विसरलेला असतो, आणि गाडी जुनी झाली आता असेच चालायचे म्हणणारा मालक पुरुषार्थ.

गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. या यादीत काल स्वतंत्रपणे येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अकराव्या अध्यायात काल येतो तो भगवंताच्या स्वतःच्या रूपाने; कारणांच्या पंक्तीत त्याला बसवलेले नाही. कर्त्याने वेळ कशी निवडावी, या प्रश्नाला म्हणून जैनांची यादी अधिक उपयोगी पडते. कर्त्याचे मन कसे असावे, याला गीतेची. टिळकांनी फलाशा सोडण्याचा अर्थ कर्म सोडणे किंवा कसेतरी उरकणे असा केला नाही. फळ कसे येईल याचा पूर्ण विचार करून काम चोख करावे आणि आसक्ती तेवढी सोडावी, हा कर्मयोग त्यांनी प्रतिपादला. ठिणगी पडल्यावर तिच्यावर कोणाचाच ताबा उरत नाही. जी काही दक्षता घ्यायची ती पॉइंट उघडण्याआधी.

कर्म संपते आणि फळ नंतर येते, मग मधल्या काळात त्यांना जोडणारे काय असते, हा मीमांसकांना छळणारा प्रश्न. यज्ञ आज संपला, स्वर्ग मरणानंतर. नष्ट झालेल्या क्रियेतून फळ कसे निघेल? शबरस्वामी आणि कुमारिल यांच्या परंपरेने याचे उत्तर अपूर्व या कल्पनेने दिले: कर्मातून निर्माण होणारी, न दिसणारी, फळ देईपर्यंत टिकणारी शक्ती. इंजिनात ठिणगी क्षणार्धात विझते आणि पिस्टनला रेटा बसतो तो नंतर. मधले अंतर पसरत जाणारी ज्योत भरून काढते. टायमिंग लावणे म्हणजे त्या मधल्या अवस्थेच्या लांबीचा अंदाज घेणे. साम्य इथपर्यंतच खरे. ज्योत काचेच्या सिलिंडरमधून पाहता येते, तिचा वेळ मोजता येतो. अपूर्व प्रत्यक्षाचा विषय नाही, ते शास्त्रप्रामाण्यावर उभे आहे. शिवाय स्प्रिंगेला हेतू नसतो आणि मीमांसेत अधिकार हेतू असणाऱ्यालाच असतो. यंत्रावरून धर्माचे सिद्धान्त सिद्ध होत नाहीत. कर्माची वेळ आणि फळाची वेळ या दोन निराळ्या वेळा आहेत, आणि त्यांच्यातले अंतर कर्त्याच्या गतीवर अवलंबून असते, एवढे मात्र यंत्र निःसंशय दाखवते.

मुहूर्ताविषयीचा निर्णय यावरूनच करता येतो. मुहूर्त हा मिस्त्री ज्याला स्थिर टायमिंग म्हणतील तसा आहे: इंजिन बंद असताना लावलेला आरंभबिंदू. तो लागतोच. त्याच्याशिवाय वजने कुठून मोजायला लागतील? लग्नात अंतरपाट धरून घटिका भरण्याची वाट पाहणारे दोन्हीकडचे लोक एका क्षणी एकत्र येतात, हे कामही मुहूर्तच करतो. पण संसार सुरू झाल्यावर प्रत्येक कामाची वेळ त्या घटिकेवरून काढत बसणारा माणूस ३,००० फेऱ्यांवर १० अंशांची ठिणगी टाकत असतो. उलट मुहूर्तच नको म्हणणाऱ्याची ठिणगी कोणत्याच खुणेला धरून नसते. आरंभबिंदू पंचांगाचा असो वा परंपरेचा, त्यापुढची वाढ ज्याने त्याने आपल्या गतीवरून आणि भारावरून ठरवायची, आणि तिलाही खुंटी असते.

प्रत्यक्ष काम याच क्रमाने होते. आधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने लावतात, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते, म्हणून गॅपनंतरच टायमिंगला हात लावायचा. मग इंजिन बंद ठेवून, पुलीवरची खूण जुळवून, बारीक दिव्याच्या साहाय्याने पॉइंट उघडण्याचा क्षण शोधतात. कॅप काढून रोटर फिरण्याच्या दिशेने हाताने पिळून सोडला तर तो झटकन मागे यायला हवा; रेंगाळत आला तर वजने अडकलेली आहेत. ती साफ करून खुंट्यांवर तेलाचा थेंब सोडतात. पॉइंटवर तेल उडू द्यायचे नाही. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी असते तिची नळी काढून तोंड बंद करतात, नाहीतर गतीचा आणि भाराचा असे दोन हिशोब एकमेकांत मिसळतात. त्यानंतर टायमिंग लाइट लावून ९००, १,५००, २,०००, २,५००, ३,००० फेऱ्यांना खूण कुठे दिसते ते कागदावर टिपतात. आरंभ बरोबर आणि मधला चढ चुकीचा असेल तर स्प्रिंगेच्या खुंटीला किंचित वाकवून ताण बदलावा लागतो. शेवटचा आकडा चुकीचा असेल तर खाच पाहावी लागते. शेवटी रस्ता: चौथ्या गिअरमध्ये, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. ठोका ऐकू आला की डिस्ट्रिब्युटरचे अंग रोटरच्या फिरण्याच्या दिशेने एखादा अंश वळवतात, त्याने ठिणगी मागे येते. मग बुडाशी असलेला क्लॅम्पचा बोल्ट आवळतात आणि टायमिंग लाइट पुन्हा एकदा लावून पाहतात, कारण आवळतानाही डिस्ट्रिब्युटर थोडा सरकतो.